टांग्याला बैल जुंपायचा खर्च: जुन्या ओम्नीत स्वस्तातलं डिझेल इंजिन बसतं का?

परवा रात्री साडेदहाला मामेभावाचा व्हॉट्सॲप आला. व्हिडिओ होता, कुठल्यातरी गॅरेजमध्ये पांढरी ओम्नी, सीट वर उचललेली, खाली दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन धडधडतंय आणि मागे गाणं लावलंय. खाली याचा मेसेज, "दादा, आपल्या ओम्नीला पण करू या का, छोट्या टेम्पोचं इंजिन कटिंगमध्ये तीस हजारात मिळतंय, ॲडव्हान्स पाच देऊन ठेवलेत." (कटिंग म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकतात तो बाजार.) पहिली गोष्ट म्हणजे आधी ॲडव्हान्स द्यायचा आणि मग विचारायचं ही आमच्या घराण्याची परंपराच आहे. दुसरं म्हणजे हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षात किमान पाच जणांनी विचारलाय, कारण असले व्हिडिओ सगळ्यांच्याच मोबाईलवर फिरतायत आणि त्यात गाडी चालू होते तिथपर्यंतच दाखवतात, पुढे सहा महिन्यांनी काय झालं ते कोणी दाखवत नाही.

मी काही ऑटोमोबाईल इंजिनिअर नाही. डिप्लोमा केला, बारा वर्षं लेथ आणि फॅब्रिकेशनमध्ये गेली, त्यात असल्या दोनचार गाड्यांच्या प्लेटा कापून दिल्यात, त्या जोरावर लिहितोय. ओम्नीच घेतो उदाहरणाला कारण गावोगाव तीच उरलीय.

## आधी ओम्नी म्हणजे नक्की काय आहे

१९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली, पुढे नाव ओम्नी झालं, २०१९ ला बंद झाली. आत ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, मारुती ८०० च्याच घराण्यातलं, ताकद साधारण ३५ हॉर्सपॉवर. इंजिन पुढच्या सीटखाली, तिथून गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागची चाकं फिरतात. रिकाम्या गाडीचं वजन ८०० किलोच्या आतबाहेर. म्हणजे गाडी हलकी, पत्रा पातळ, टायर बारा इंची. हे सगळं एका हलक्या, भरभर फिरणाऱ्या इंजिनाच्या मापाने बनवलेलं आहे हे डोक्यात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडकतं.

## पेट्रोल आणि डिझेल, फरक कुठे

सायकलला पंपाने हवा भरली असेल तर आठवा, दहा-पंधरा दट्टे मारले की पंपाचं बूड गरम लागतं. हवा दाबली की तापते, एवढंच. डिझेल इंजिनात हवा साधारण वीस पट दाबतात, ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेट घेतो, स्पार्क प्लग लागतच नाही. पेट्रोल इंजिनात नऊ-दहा पटच दाबतात आणि ठिणगी बाहेरून देतात.

आता एवढा दाब सहन करायचा तर ब्लॉक जाड पाहिजे, क्रँक जाड, कनेक्टिंग रॉड जाड. म्हणून डिझेल इंजिन जड, म्हणून त्याचा धक्का जोरात, म्हणून ते पेट्रोलसारखं पाच-सहा हजार आरपीएमला पळत नाही. (आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते. आणखी एक शब्द लागेल, टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळायचा जोर, पान्याने नट सोडवताना हाताला जो लागतो तो. बास, याच्यापुढे जड शब्द कमी ठेवतो.)

आणि ॲव्हरेज? डिझेल देतं जास्त, त्यात वाद नाही. पण त्यातला थोडा भाग मापाचा खेळ आहे. आपण लिटरवर मोजतो आणि डिझेलचं लिटर पेट्रोलच्या लिटरपेक्षा वजनाला भारी असतं, त्यात ऊर्जाच साधारण दहा-बारा टक्के जास्त. एक मापटं ज्वारी आणि एक मापटं लाह्या यात पोट कशाने भरेल तसं, अर्थात एवढा मोठा फरक नाही.

## "डिझेलला ताकद जास्त असते ना?"

सगळी फसगत इथे होते. मोठ्या डिझेल इंजिनाला ताकद जास्त असते. स्वस्तातलं छोटं डिझेल इंजिन म्हणजे काय ते आकड्यातच बघू.

टाटा एस, म्हणजे तो छोटा टेम्पो, २००५ साली आली तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचं दोन सिलेंडरचं डिझेल होतं. ताकद १६ हॉर्सपॉवर, ३२०० आरपीएमला. टॉर्क ३८ न्यूटन मीटर. ओम्नीचं पेट्रोल इंजिन ३५ हॉर्सपॉवर, टॉर्क ६० च्या आसपास. म्हणजे तुम्ही पैसे मोजून गाडीची ताकद निम्म्याहून कमी करताय, आणि जो टॉर्क म्हणून सगळे सांगतात तो पण कमीच. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तो टेम्पो एवढा माल कसा ओढतो?" चांगला प्रश्न आहे. तो ओढतो कारण त्याचे गिअर, डिफरन्शियल (मागच्या एक्सलवरचा गिअरचा गोळा, जो चाकं फिरवतो), चेसी, स्प्रिंगा सगळं त्या इंजिनाच्या मापाने केलंय आणि तो पळत नाही, तुरूतुरू जातो. गाडी म्हणून ते डोकं लावून केलेलं काम आहे. पण त्यातलं एकटं इंजिन काढून दुसरीकडे टाकलं की ते डोकं मागेच राहतं.

टांग्याला बैल जुंपायचाच म्हटला तर बैल वाईट नसतो हो, पण टांग्याचे दांडे घोड्याच्या उंचीचे, जू नाही, आणि बैल त्याच्याच चालीने चालणार. मग दांडे बदला, जू बसवा, आणि एवढं करून टांगा बैलगाडीच्या स्पीडनेच जाणार.

घाटाचा ढोबळ हिशोब सांगतो. माणसं आणि क्रेट धरून १२०० किलोची गाडी, बारा फुटाला एक फूट चढ, स्पीड ३०. एवढ्याला चाकाशी बारा-तेरा हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल थोडी खाऊन टाकतात. म्हणजे १६ चं इंजिन नवंकोरं असेल आणि गिअर बरोब्बर जुळला तर ३० ने चढेल, कटिंगमधलं घासलेलं असेल तर मागचा एसटीवाला हॉर्न मारून मारून थकेल.

## स्पीड कुठे जातो? टायरच्या फेऱ्यांचा हिशोब

हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश सांगतो. ओम्नीचा टायर एका फेरीत साधारण १ मीटर ६५ सेंटीमीटर पुढे जातो. ६० चा स्पीड म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर, म्हणजे टायरच्या मिनिटाला ६०० फेऱ्या. मागच्या डिफरन्शियलमध्ये फेरे साधारण पाच पट कमी होतात, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला ३००० फेरे. चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट सोबतच फिरतात असं धरलं की इंजिनालाही ३००० आरपीएम.

पेट्रोल इंजिनाला ३००० म्हणजे फिरायला निघाल्यासारखं आहे, वर अजून दोन हजार शिल्लक. त्या छोट्या डिझेलला ३२०० म्हणजे छाती फुटेपर्यंत पळणं. तिथे गव्हर्नर, म्हणजे डिझेल पंपातला फेऱ्यांचा लगाम, डिझेल तोडतो. मग गाडीचा स्पीड ६४ ला संपला, आणि रोज ६० ने जायचं तर इंजिन कायम टोकावर. आवाज, व्हायब्रेशन, आणि ज्या ॲव्हरेजसाठी हे सगळं केलं ते पण टोकावर चालवलं की पडतं.

यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल बदला. मग मागचा सगळा एक्सल बदला, त्याचे स्प्रिंग पॅड वेगळे, ब्रेक वेगळे, चाकाचे नट वेगळे. खर्च कसा वाढतो बघा, एक धागा ओढला की सगळा स्वेटर हातात येतो.

आणि शेतीपंपाचं इंजिन बसवू म्हणणारे पण भेटलेत मला. पाच हॉर्सपॉवरचं आपलं विहिरीवरचं, १५०० आरपीएमचं, शंभर किलोच्या वर वजन. वरचाच हिशोब लावा, १५०० ला गाडी ३० ने जाणार, ती पण सपाटीला आणि वारा मागून असेल तर. गुजरातचा छकडा, उत्तरेकडचा जुगाड यात असली इंजिनं चालतात हे खरं आहे, पण त्या गाड्या इंजिनाभोवती बांधलेल्या असतात आणि बैलगाडीची जागा घ्यायला आलेल्या असतात.

## इंजिन तीस हजाराचं, मग लाखाचं बिल कशाचं

मी हा धंदा आतून बघितलाय म्हणून सांगतो, इंजिन हा सगळ्यात स्वस्त भाग असतो.

सगळ्यात नाजूक काम ॲडॉप्टर प्लेटचं. एका कंपनीचं इंजिन, दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स, दोघांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे एक जाड प्लेट कापतात. प्लेट कापणं सोपं आहे, सेंटर धरणं अवघड. जात्याची मधली मेख जरा जरी एका बाजूला गेली की वरची पाळ कशी डगडगते, एका कडेला घासते आणि पीठ जाडंभरडं पडतं, तसंच इथे. क्रँकशाफ्टचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या प्रायमरी शाफ्टचं सेंटर केसाएवढं चुकलं तरी गाडी चालू होते, चालते पण. व्हिडिओ इथपर्यंतच असतो. मग दोन-तीन महिन्यात क्लच थरथरायला लागतो, बेअरिंग ओरडतं, गिअरबॉक्सचं ऑइल सील जातं, आणि मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खराब होता. गिअरबॉक्स खराब नव्हता. मीच एकदा अशी प्लेट डायल (सेंटर तपासायचं घड्याळासारखं माप) न लावता नुसत्या मापावर करून दिली होती, घाई होती आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं, त्या माणसाच्या गाडीने चार महिन्यात दोन बेअरिंग खाल्ली तेव्हा कळलं. पैसे परत दिले मी, पण त्याचा सीझन गेला तो गेलाच.

त्याच्यानंतर फ्लायव्हील. क्लचप्लेट ओम्नीची ठेवायची तर फ्लायव्हीलला नवी भोकं, टेम्पोची ठेवायची तर तिच्या मधले दाते ओम्नीच्या शाफ्टला बसत नाहीत. प्रोपेलर शाफ्ट बहुतेक वेळा कापून लांबी जुळवावी लागते आणि मग बॅलन्स करावा लागतो, तो तालुक्याला होत नाही. माउंटिंग नवी, कारण दोन सिलेंडरचा धक्का तीन सिलेंडरच्या रबराला झेपत नाही. ओम्नीला खाली वेगळी चेसी नाहीये, पत्र्याचीच बॉडी सगळा भार घेते, म्हणून जड इंजिनाची धडधड थेट पत्र्यात जाते, सहा महिन्यात सीटखालच्या जोडांना तडे. आणि हे इंजिन बॉनेटमध्ये नाहीये, ड्रायव्हरच्या बुडाखाली आहे हो. उन्हाळ्यात सांगली ते पुणे एकदा जाऊन बघा.

डिझेलची टाकी आणि लाईन वेगळी गोष्ट. पेट्रोलची टाकी धुवून वापरतात, पण डिझेलला उरलेलं डिझेल परत टाकीत न्यायची रिटर्न लाईन लागते, पाणी पकडणारा फिल्टर लागतो, आणि लाईन कुठे जरा सैल राहिली की इंजिन एअर घेतं, मग रस्त्यात उतरून नट सैल करून हाताने पंप मारत बसा. बॅटरी मोठी लागते कारण वीस पट दाबणारं इंजिन फिरवायला स्टार्टरला जोर लागतो. थंड इंजिन चालू करायला आतून तापवणाऱ्या हीटर प्लगची वायरिंग. आणि चावी बंद केली की पेट्रोल इंजिन बंद पडतं कारण ठिणगी बंद होते. डिझेलला ठिणगीच नाही, तर बंद करायला डिझेलच तोडावं लागतं, त्यासाठी सोलेनॉइड (विजेवर चालणारी खिट्टी) किंवा ओढायची केबल. ती केबल रस्त्यात तुटली तर गिअर टाकून ब्रेकवर उभं राहून इंजिन मारावं लागतं, बघितलंय मी.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. ब्रेकला जर बूस्टर, म्हणजे पायाला कमी जोर लागावा म्हणून लावलेला डबा, असेल तर तो पेट्रोल इंजिन आत हवा ओढतं त्या ओढीवर चालतो. डिझेलला तशी ओढ नसते, वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे असतो. कटिंगमधून इंजिन आणताना अल्टरनेटर वेगळा विकलेला असतो, मग बसवणारा दुसरा साधा लावतो आणि ब्रेक दगडासारखा होतो. गाडी जड केली, ब्रेक कमी केला.

हे सगळं धरलं की मजुरी, रेडिएटर, सायलेन्सर वगैरे मिळून लाख-सव्वालाखाच्या खाली हात निघत नाही, नीट करायचं असेल तर. तीस हजारात होतं म्हणणारा फक्त इंजिनाचं सांगतोय.

## "मग नवीन कॉमन रेल इंजिन टाकू, ते ताकदवान आहे"

हे कागदावर बरं दिसतं. मारुतीचंच ७९३ सीसीचं दोन सिलेंडर डिझेल होतं, सुपर कॅरी या छोट्या टेम्पोत यायचं, ३२ हॉर्सपॉवर आणि ७५ न्यूटन मीटर, म्हणजे ओम्नीच्या बरोबरीला. पण कॉमन रेल म्हणजे डिझेल एका नळीत प्रचंड दाबाने भरून ठेवायचं आणि कधी किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तो कॉम्प्युटर, त्याची सगळी वायरिंग, सगळे सेन्सर, सोबत आणावे लागतात, आणि कुठला एक सिग्नल मिळाला नाही की साहेब रुसतात. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, म्हणजे पुढे पार्ट शोधत फिरा. गावाकडच्या रस्त्यावर पान्याने दुरुस्त होणारी गाडी लॅपटॉपवाल्याच्या हातात देणं मला तरी पटत नाही.

## कायदा काय म्हणतो, आणि "एजंट करून देतो" म्हणजे काय

पूर्वी हे सर्रास चालायचं हे खरं आहे. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन टाकलेल्या गाड्या आपण लहानपणी वडापला बघितल्यात. तेव्हा डिझेल खूप स्वस्त होतं आणि कायद्यात परवानगी घेऊन बदल करायला बरीच जागा होती. पुढे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आवळलं गेलं. आता त्याचा सरळ अर्थ असा की कंपनीने मूळ जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावलं, हायकोर्टाचा निकाल फिरवून. आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं, त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यापर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही.

सूट आहे ती मान्यता असलेल्या किटला, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी असलं काही, ते पण एआरएआयसारख्या संस्थेने त्या मॉडेलसाठी तपासलेलं. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ती हीच. पेट्रोल ओम्नीत कटिंगचं डिझेल इंजिन हे किट नाही. उलट सरकारची दिशा बघा, २०२२ साली नियम काढला तो साडेतीन टनाखालच्या डिझेल गाडीचं इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजीचं बसवायला. आपण बरोबर उलट्या दिशेने निघालोय.

एजंट आरसीवर इंजिन नंबर बदलून देईलही, मला माहितीये. पण आरसीवर इंधन पेट्रोलच राहिलं तर पीयूसीवाला काय करणार? पेट्रोल गाडीचा गॅस तपासतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात, मशीनच वेगळं, आणि गाडी नंबर टाकला की ऑनलाईन रेकॉर्डला पेट्रोल दिसतं. पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पुढे वाढवायला गाडी आरटीओत उभी करावी लागते, तिथे सीट उचलली की संपलं. आणि इन्शुरन्स. ॲक्सिडेंट झाला, सर्व्हेअरने बघितलं की गाडी पेट्रोल आणि इंजिन डिझेल, की तुमच्या गाडीचा क्लेम तर विसराच, समोरच्याला दिलेली भरपाई पण कंपनी तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते.

कटिंगच्या इंजिनाचा अजून एक घोळ. कुर्ल्याच्या मार्केटमधून आणा नाहीतर गावच्या भंगारवाल्याकडून, ते इंजिन कोणाच्या तरी गाडीचं होतं, त्यावर नंबर आहे, आणि ती गाडी रीतसर स्क्रॅप झाली की चोरीला गेली हे तुम्हाला माहिती नसतं. बिल आणि त्या गाडीचे स्क्रॅपचे कागद मागा. देत नसेल तर समजून जा.

## "पण डिझेल स्वस्त पडतं की"

किती स्वस्त? जुनी सवय आहे आपल्याला. २०१२ साली लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता, कारण पेट्रोलचा भाव जून २०१० लाच मोकळा सोडलेला आणि डिझेलला सबसिडी. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलही मोकळं सोडलं. आता समजा पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरू, तुमच्या पंपाचा भाव टाकून बघा.

ओम्नी पेट्रोलवर १४ देते धरा, किलोमीटरला साडेसात रुपये. डिझेलवर २० दिलं धरू, मोठ्या मनाने, साडेचार रुपये. वाचले तीन. सव्वालाख खर्च फिटायला ४० हजार किलोमीटरच्या वर. मामेभावाची गाडी वर्षाला दहा हजार पण जात नाही, द्राक्षाच्या सीझनला मार्केट आणि एरवी लग्न-मयत. म्हणजे चार वर्षं तर गेलीच, त्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग धरलं नाहीये.

सीएनजी धरा, किलोला ८० रुपये आणि किलोत २० किलोमीटर, म्हणजे चार रुपये. किट पन्नास हजारात बसलं तर पंधरा हजार किलोमीटरला पैसे वसूल, आरसीवर नोंद रीतसर. तोटे आहेत, मागची जागा सिलेंडर खातो, पिकअप थोडा पडतो, सिलेंडर दर तीन वर्षांनी टेस्टिंगला न्यावा लागतो, आणि पंप जवळ नसेल तर सगळं मुसळ केरात. पण हिशोब निदान बसतो. (घरगुती गॅसची टाकी मागे ठेवून नळी जोडणारे अजून आहेत. त्यांच्याबद्दल लिहायची इच्छा नाही, शाळेच्या पोरांच्या व्हॅनमध्ये पण करतात हे लोक.)

आणि काहीच नको असेल तर त्याच पेट्रोल इंजिनाचं काम करून घ्या, रिंगा, व्हॉल्व्ह, हेड. पार्ट गल्लीबोळात मिळतात. १४ देणारी गाडी ११ देत असेल तर तिला डिझेल नाही, फिटर पाहिजे.

## "आमच्या गावात एकाची चालते, सात वर्षं झाली"

असेल. मी नाही म्हणत नाहीये. नीट बघितलं तर बहुतेक वेळा तो माणूस स्वतःच फिटर असतो, त्याची मजुरी त्याने धरलेली नसते आणि दर रविवारी तो गाडीखाली असतो. त्याला ते आवडतं, आवडू दे. नुसतं शेतात, रस्त्यावर न आणता, फवारणीच्या सामानाला फिरवायची असेल तर कायद्याची डोकेदुखी पण कमी. पण मधला रस्ता ओलांडून पलीकडच्या तुकड्यात जायचं असेल तर तो रस्ता सरकारी आहे हे विसरू नका.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे जुन्या व्हॅनला स्वस्त डिझेल इंजिन झकास बसतं, ती म्हणजे आपली मॅटॅडोर. बजाज टेम्पोने, जी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली, मर्सिडीजकडून लायसन्स घेऊन ओएम ६१६ हे इंजिन इथे बनवलं. मर्सिडीजच्या २४० डी कारमध्ये होतं तेच घराणं. पुढच्या काळातल्या मॅटॅडोर, ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये याचीच भावंडं. त्यामुळे मॅटॅडोरचं थकलेलं ओएम ६१६ काढून दुसऱ्या मॅटॅडोरमधलं तेच इंजिन टाकलं तर प्लेट कापायची नाही, डिफरन्शियल बदलायचं नाही, इंधन तेच, बदलतो फक्त इंजिन नंबर, आणि त्याची आरटीओत रीतसर नोंद करता येते. जुने मॅटॅडोरवाले अजून गाडी का विकत नाहीत त्याचं कारण हेच, बैलगाडीला बैलच जुंपलाय त्यांनी.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास. गप्प ऐकलं, मग म्हणाला, "पण दादा, पाच हजार दिलेत ना." मी म्हटलं बरं, एक काम कर, घेऊ नको घेऊ नको म्हणत बसत नाही मी, फक्त त्या इंजिनाच्या नंबरचा फोटो काढून पाठव, ब्लॉकवर ठोकलेला असतो.

काल संध्याकाळी फोटो आला. जवळून काढलाय, चांगला स्पष्ट आहे. ब्लॉकवर सगळीकडे काळं ऑइल आणि माती, आणि नंबर असायचा तिथे चार बोटं रुंद पट्टा, ग्राइंडर फिरवलेला, चकचकीत.

आता तो पाच हजार परत मागायला एकटा जात नाहीये, मला सोबत ये म्हणतोय.